नळीला विचारून

बंदुकीच्या नळ्या दस्त्यापासून सुट्या कराव्यात, खिडकीकडे धराव्यात आणि मागच्या बाजूनं आत बघावं. आत काळोख असेल असं वाटतं, पण नळी स्वच्छ असेल तर आत उजेडाची कडी दिसतात. एकात एक, एकामागे एक, थेट दुसऱ्या टोकाच्या गोल आभाळापर्यंत गेलेली. डोळा त्यांच्यावरून सावकाश सरकत जातो. बरीच वाट ती सारख्या अंतरानं येत राहतात, आणि तोंडाशी दोन-तीन बोटं उरली असताना एकदम दाटीवाटीनं उभी राहतात. तिथे नळी अरुंद झालेली असते. बाहेरून हात फिरवून हे कळत नाही. पोलाद तसंच गुळगुळीत, तसंच थंड लागतं. आत मात्र वाट आवळत गेलेली असते, आणि बंदुकीचा निम्मा स्वभाव त्या दोन-तीन बोटांत ठरलेला असतो.

हे बघायला मला शिकवलं ते तळकोकणातल्या एका बाजाराच्या गावी बंदुका दुरुस्त करणाऱ्या अण्णांनी. दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली पडवी. फळीवर कानशी, तेलाची बुधली, पितळी तारेचा ब्रश, जुन्या धोतराच्या चिंध्या. कोपऱ्यात शिशवी लाकडाचे अर्धवट घासलेले दस्ते. गिऱ्हाईक आलं की अण्णा आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना हे बघत. गिऱ्हाइकानं ‘रिकामी आसा’ म्हटलं तरी बघत, आणि डोळ्यांनी दिसलं तरी पुन्हा बोट घालून बघत. मग नळ्या सुट्या होत. मग खिडकी. काडतुसाचा विषय त्यानंतर. “आधी नळी बघ, मगे काडतूस,” असं त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी घाई केली की आवाज न चढवता म्हणत, “नळयेक इचारल्याशिवाय काडतूस घालुचा नाय, बाबू.”

त्यांच्याकडे गर्दी व्हायची ती पावसाळा उतरणीला लागल्यावर. भाद्रपदात भात पोटरीला येतं आणि रानडुकरांना त्याची चाहूल लागते. रात्रीत कळप शिरून गेला की सकाळी चोंढा ओळखू येत नाही. खाल्लेलं थोडं, तुडवलेलं फार. ज्यानं गुडघाभर चिखलात लावणी केली त्याला ते बघवत नाही. म्हणून आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात एक बंदूक असते, बहुधा आजोबांच्या वेळची. ती निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते, आणि एरवी माळ्याशेजारच्या कपाटात कुलपात पडून असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हळूहळू संपली. पीक नासवणारं जनावर मारायचं तरी वन खात्याची परवानगी लागते. बरेचसे बार नुसत्या आवाजासाठी, मोकळ्या आभाळाकडे निघतात. पण बार हवेत काढायचा असला तरी काडतूस नळीतून आणि नळीच्या तोंडातूनच जायचं असतं. जनावर समोर नाही म्हणून आतलं पोलाद सैल होत नाही.

त्या आवळत्या जागेला चोक म्हणतात. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. त्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून तिला बारा बोअर म्हणायचं. पूर्ण चोकच्या नळीत तोंडाशी हा व्यास सुमारे एक मिलिमीटरनं कमी होतो, अर्ध्या चोकमध्ये अर्ध्या मिलिमीटरनं, पाव चोकमध्ये पाव मिलिमीटरनं. जिथे काहीच कमी होत नाही ती सिलिंडर नळी. पाव मिलिमीटर म्हणजे जेमतेम एका पोस्टकार्डाची जाडी. एवढ्याशा फरकानं काय व्हावं? चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचं वर्तुळ धरलं, तर सिलिंडर नळीतून सुटलेल्या शंभर छऱ्यांपैकी चाळीसेक त्यात पडतात. पाव चोकमधून पंचावन्नेक, अर्ध्यातून साठेक, पूर्णातून सत्तरेक. दारू तीच, छरे तेच, खांदाही तोच. निघता निघता वाट किती आवळली, एवढाच काय तो फरक.

माणसाला हे उशिरा उमगलं. ठासणीच्या बंदुकीच्या शेकडो वर्षांत नळी सरळच असायची, आणि लांबचं पाखरू हातचं जायचं ते जायचंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा विचार दोन-तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी सुचला. इंग्लंडात न्यूकॅसलच्या विल्यम रॉचेस्टर पेप यांनी १८६६ मध्ये पेटंट घेतलं. अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर यांनी १८६८ मध्ये नळीच्या तोंडावर बसवायच्या सुट्या चोकचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास इलिनॉयमधला बदकांचा शिकारी फ्रेड किंबल आपल्या नळ्या स्वतःच कोरून बघत होता. मग बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी १८७४ च्या सुमारास हे काम असं पक्कं केलं की एकसारखी, भरवशाची चोक नळी बनवता येऊ लागली. १८७५ मध्ये लंडनच्या ‘द फील्ड’ या साप्ताहिकानं चोक नळ्या आणि साध्या नळ्या यांची जाहीर परीक्षा घेतली. त्यात चोक नळ्यांनी बाजी मारली आणि जुन्या बंदुका एकाएकी जुन्या झाल्या.

ती परीक्षा घेणारे संपादक जॉन हेन्री वॉल्श यांच्याविषयी वाचल्यापासून ते माझ्या मनातून जात नाहीत. ते मूळचे शस्त्रवैद्य. बंदूक फुटून त्यांच्या डाव्या हाताचा काही भाग गेला होता. असा माणूस बंदुकीचं नाव टाकून बसला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. वॉल्श यांनी उलट पुढची कितीतरी वर्षं बंदुकांच्या परीक्षा घेण्यात घालवली. कुठली नळी कशी मारते, किती दारू सोसते, कारागिरांचं म्हणणं खरं किती, हे सगळं कागदावर, लोकांसमोर. ज्या हातानं किंमत मोजली, त्याच हातानं पुढच्यांचे हात जपायचं काम केलं. आज काडतुसाच्या खोक्यावर आणि नळीच्या बुडाशी जे आकडे आपण सहज वाचतो, त्यांच्यामागे अशी अनेक माणसं आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचं नावही कुठे उरलेलं नाही.

एकदा अण्णांकडे एक जुनी बर्मिंगहॅमची दुनळी आली. कुणा खोताच्या घरातली असावी. बाहेर घोडे असलेली, नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केल्या की ही नक्षी उमटते. दमास्कस नळी म्हणतात ती हीच. अण्णांनी लाकूड काढलं, नळ्या सोडवल्या आणि पालथ्या केल्या. बुडाशी, जिथे बंदूक जोडलेली असताना कुणाची नजर जात नाही, तिथे तेलाच्या चिकट थराखाली बारीक छाप होते. अण्णांनी चिंधीला रॉकेल लावून ते पुसत आणले. आधी मुकुट. मग आकडे. मग प्रत्येक नळीवर तीन इंग्रजी शब्द: ‘नॉट फॉर बॉल’. अण्णांचं इंग्रजी शब्दा-शब्दापुरतं. पण हे तीन शब्द त्यांना चांगले ओळखीचे होते. “गोळी घालू नको म्हणता ही,” ते म्हणाले.

लंडनच्या आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसनं १८७५ ते १८८७ या काळात चोक नळ्यांवर हे शब्द ठोकले. प्रूफ हाऊसचं काम असं की नवी नळी नेहमीपेक्षा जड बारानं उडवून बघायची, टिकली तरच तिच्यावर छाप मारायचा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्यानं उभं राहिलं, लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाची सनद त्याहून जुनी, १६३७ ची. चोक आला तेव्हा त्यांना एक नवी अडचण दिसली. तोवर त्याच बंदुकीतून पाखरासाठी छरे आणि मोठ्या जनावरासाठी शिशाची एक गोल गोळी, असं दोन्ही घालायची लोकांना सवय. छरे आवळत्या तोंडातून निघताना एकमेकांवरून सरकतात, जागा करून घेतात. नळीभर मापाच्या गोळीला सरकायला जागाच नसते. मागून दारूचा दाब, पुढे एक मिलिमीटर कमी असलेली वाट. मग एक तर शिसं दबतं, नाहीतर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून ते शब्द. १८८७ नंतर त्यांच्या जागी नुसतं ‘चोक’ असं लिहू लागले. तोवर लोकांना कळलं असेल असं धरून चालले असावेत.

अण्णांनी ती बंदूक परत दिली ती काडतूस न घालण्याची ताकीद देऊनच. त्या काळची परीक्षा काळ्या दारूची. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब ती सोसेल याची हमी त्या छापात नाही. मालक थोडा हिरमुसला. इतकी सुंदर वस्तू घरात आणि तिचा बार ऐकायचा नाही म्हणजे काय! पण अण्णा त्या नळ्यांवरून हात फिरवत होते ते एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि त्या हातात ‘आता विसावा घे’ एवढंच होतं.

पाखरू आणि वाघ दोन्ही एकाच नळीतून, ही हौस त्या काळी हिंदुस्थानात आलेल्या साहेबांना फार. एका हातात जड रायफल आणि दुसऱ्या हातात छऱ्यांची बंदूक घेऊन रानातून फिरणं त्यांना जड जाई. कर्नल जॉर्ज फॉस्बेरी यांनी त्यावर १८८५ मध्ये एक तोड काढली. नळी बहुतेक गुळगुळीत ठेवायची आणि तोंडाशी, चोकच्या जागी, रायफलीसारखे पीळ काढायचे. छरेही जातील आणि त्या पिळांच्या मापानं बनवलेली गोळीही फिरत, सरळ जाईल. हॉलंड अँड हॉलंडनं ती ‘पॅराडॉक्स’ या नावानं बाजारात आणली आणि हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांत ती लाडकी झाली. पुढे जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये बाजूला तिरके कंगोरे असलेली शिशाची गोळी केली. ते कंगोरे असतात ते चोकमधून जाताना दबायला. मधला गाभा बारीक, म्हणून धातूला बाजूला सरकायला वाव. तरीसुद्धा अशी गोळी मोकळ्या तोंडाच्या नळीतूनच उडवावी, पूर्ण चोकमधून नको, हे खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याला त्याचं कारण ठाऊक असतं.

आमच्या घरच्या दुनळीची उजवी नळी मोकळी आणि डावी पूर्ण चोकची. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. यामागे पाखरांची शिकार आहे. पाखरू पायाखालून उठतं तेव्हा जवळ असतं, म्हणून पहिला बार पसरट. तो चुकला तर पाखरू लांब गेलेलं, म्हणून दुसरा आवळलेला. इंग्लंडच्या गवताळ रानातल्या तित्तिरासाठी हा सगळा विचार झाला आणि बंदूक येऊन पडली डुकरांच्या मुलखात. आमच्याकडे लोकांच्या तोंडी असतात ती मोठ्या दाण्यांची नावं: एलजी, एसजी. एलजीचा एक दाणा सुमारे ९.१ मिलिमीटरचा, एसजीचा ८.४. अण्णा सुटी नळी बाकावर उभी धरत, फोडलेल्या काडतुसातले दाणे बोटांनी उचलून नळीच्या तोंडावर ठेवत आणि बघायला सांगत. मोकळ्या नळीच्या तोंडात एसजीचे तीन दाणे शेजारी शेजारी, जेमतेम पण नीट बसत. पूर्ण चोकच्या तोंडात तीन बसत नसत. तिसरा दोघांच्या डोक्यावर चढून बसे. एलजीचे दोन मोकळ्या तोंडात बसत, आवळलेल्या तोंडात तेही अडत.

त्यांचं बोट त्या चढून बसलेल्या दाण्यावर टेकलेलं मला अजून दिसतं. नख तेलानं काळं, दाणा करडा, आणि खाली पोलादाची गोल कड. “असो जाताना भांडतलो,” ते म्हणत. भांडतो म्हणजे दाणे एकमेकांना दाबत, चेपत, वाकडे होत बाहेर पडतात आणि मग वाटेल तिकडे जातात. शिसं मऊ, म्हणून नळी वाचते. पण बार कुठे लागेल याचा भरवसा राहत नाही. आणि ज्या बाराचा भरवसा नाही तो शेताच्या बांधावर, आजूबाजूला वस्ती असताना, काढायचा कसा? ज्याच्यावर सुटला ते जनावर जखमी होऊन रानात शिरलं तर त्याचेही हाल, आणि सकाळी त्या वाटेनं लाकडं आणायला जाणाऱ्या बाईचीही खैर नाही. आवळलेल्या तोंडातून मोठे दाणे नकोत, एवढा साधा नियम. पण तो पाळताना त्या बाईचा आणि त्या जनावराचाही विचार झालेला असतो.

काडतूस आणि नळी यांच्यातला सगळ्यांत फसवा धोका मात्र तोंडाशी नसतो, तो बुडाशी असतो. जुन्या पुष्कळ बंदुकांची काडतुसाची खोली ६५ मिलिमीटरची. आज सर्रास मिळणारं काडतूस ७० चं. आता ७० हे माप काडतूस उडल्यानंतरचं, त्याचं दुमडलेलं तोंड उलगडल्यावरचं. उडण्याआधी ते त्याहून आखूड असतं. म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या खोलीत अगदी अलगद जातं, बंदूक नीट मिटते, कुठे काही अडत नाही. अडतं ते बाराच्या क्षणी: तोंड उलगडायला जागा नसते, वाट तिथेच आवळते आणि दाब वाढतो. तसंच वीस बोअरच्या काडतुसाचं. ते बारा बोअरच्या नळीत घातलं तर आत घसरतं आणि थोडं पुढे जाऊन अडकून बसतं. वरून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते. मग बारा बोअरचं काडतूस त्याच्या मागे बसतं, आणि नळीचे तुकडे होतात. म्हणूनच वीस बोअरचं काडतूस पिवळ्या रंगाचं करायची रीत पडली. हाताच्या आधी डोळ्याला कळावं म्हणून.

सहज बसलं म्हणजे जमलं, असं आपण किती ठिकाणी धरून चालतो! किल्ली कुलपात गेली, झाकण डब्यावर बसलं, की आपलं समाधान होतं. हाताला अडखळलं नाही की मन पुढे निघून जातं. बंदूक मात्र सांगते की वस्तू आत जाणं वेगळं आणि ती नीट बाहेर पडणं वेगळं. जाताना ती थंड असते, गप्प असते, आपल्या बोटांच्या वेगानं जाते. बाहेर पडताना ती तापलेली, दाबाखालची, डोळा मिटायच्या आत निघून जाणारी असते. खरी ओळख त्या दुसऱ्या वेळेची. ती पहिल्या वेळेवरून बांधता येत नाही, म्हणून कुणीतरी आधी मोजून ठेवलेलं वाचायचं असतं.

या ओळखीला गेल्या काही दशकांत एक नवा धातू येऊन मिळाला. शिशाचे छरे पाणथळीत पडतात. बदकं चिखलातून दाणे टिपताना तेही गिळतात आणि शिशाच्या विषानं मरतात. हे लक्षात आल्यावर अमेरिकेनं १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं बंद केलं, डेन्मार्कनं १९९६ मध्ये सगळ्याच शिकारीतून ते काढलं, आणि २०२३ पासून युरोपीय संघातल्या पाणथळ जागांत त्याला बंदी आहे. त्याच्या जागी आले मऊ पोलादाचे छरे. तळ्याच्या दृष्टीनं ही केवढी दयेची गोष्ट! जुन्या नळीच्या दृष्टीनं मात्र कठीण. शिसं दबतं, पोलाद दबत नाही. मोठा पोलादी छरा आवळत्या तोंडाशी आला की दाणे एकमेकांना जागा देत नाहीत. सगळा भार चोकच्या भिंतीवर येतो आणि तिथे नळीभोवती फुगीर कडं उमटतं. म्हणून नियम असा की जास्त दाबाचं पोलादी काडतूस त्यासाठी तपासलेल्या, लिलीच्या फुलाचा छाप ठोकलेल्या बंदुकीतच घालायचं, आणि ४ मिलिमीटरहून मोठा पोलादी छरा अर्ध्या चोकहून जास्त आवळलेल्या नळीतून सोडायचा नाही. छऱ्यांभोवती प्लॅस्टिकची जाड वाटी असते, नळीचा आतला गुळगुळीतपणा ओरबाडू नये म्हणून. बिस्मथ हा दुसरा धातू शिशासारखा दबणारा. तो जुन्या नळ्यांना जास्त मानवतो, पण महाग.

मला हे सगळं वाचताना एक गोष्ट जाणवत राहते. बदक वाचवायला निघालेल्या माणसांनी नळीचाही विचार केला, नळी धरणाऱ्या हाताचाही केला. एक चांगुलपणा दुसऱ्या ठिकाणी अपघात होऊन उतरू नये म्हणून कुणीतरी आकडे काढत बसलं. आपल्याकडे पुण्याच्या खडकीतल्या, १८६९ पासून चाललेल्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं अजून शिशाचीच. पण कधीतरी आपल्या तळ्यांचाही विचार होईल, व्हायला हवा. तेव्हा कोकणातल्या आणि विदर्भातल्या कपाटांतून आजोबांच्या बंदुका बाहेर निघतील आणि त्यांच्यापुढे एक अनोळखी काडतूस येईल. त्या दिवशी नळीला विचारणारं कुणी घरात असेल का?

विचारायचं कसं, हेही अण्णांनी दाखवलं होतं. सरावाच्या मैदानावर चाळीस यार्डांवर मोठा कोरा कागद ताणून लावायचा, मागे मातीचा उंच बांध, आणि एक बार. मग चालत जायचं. छिद्रं जिथे सगळ्यांत दाट, तिथे मध्य धरून तीस इंचांचं वर्तुळ काढायचं आणि आतली छिद्रं मोजायची. पेन्सिलीनं एकेक छिद्र खुणावत जायचं म्हणजे दोनदा मोजलं जात नाही. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण त्यात एक वेगळीच शांतता आहे. कुठे झुबका, कुठे विरळ, कुठे हाताएवढी मोकळी जागा. तोच चोक दोन वेगवेगळ्या काडतुसांशी दोन तऱ्हांनी वागतो; एकाशी गुण्यागोविंदानं, दुसऱ्याशी फटकून. नळीवर ठोकलेला आकडा तिचं कूळ सांगतो, वागणं कागदच सांगतो. त्यासाठी तिला मोकळं बोलू द्यावं लागतं आणि आपण मोजत बसावं लागतं.

खेळातल्या लोकांना हे फार चांगलं ठाऊक असतं. स्कीटमध्ये मातीची तबकडी जवळून आडवी जाते, तिथे मोकळं तोंड. ट्रॅपमध्ये ती नेमबाजापासून लांब पळत सुटते, तिथे आवळलेलं. बारा बोअर दोन्हीकडे तोच. १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत बिकानेरच्या करणी सिंहांनी ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं, २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये. आपण निशाण पाहतो, पदक पाहतो. त्याआधी मोजलेले कागद आपल्याला दिसत नाहीत. आता तर चोक नळीच्या तोंडात आट्यांनी बसवायचा आणि काढायचा, रोपर यांच्या १८६८ च्या कल्पनेचाच हा नवा अवतार. सोय मोठी. पण काडतूस बदललं की आत कुठला चोक बसवला आहे, तो पुरता आवळला आहे का, हे दरवेळी बघणं आलं. तोंड बदलता येऊ लागलं तसं विचारण्याचं काम वाढलं.

अण्णा गेले. त्यांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले, आणि ते स्वाभाविक आहे. आमच्या घरची बंदूक काकांच्या नावावरून आता चुलतभावाच्या नावावर व्हायची आहे. कागदपत्रं चालू आहेत. परवान्यावर बंदुकीचा नंबर असतो, बोअर असतो. उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली, खोली अमुक मिलिमीटरची, गोळी डावीतून नको, मोठे दाणे डावीतून नकोत, पोलादी छरे आले तर आधी जाणत्याला दाखव, हे त्या कागदात कुठेच नसतं. वस्तू वारशानं येते, तिची ओळख येत नाही. ती प्रत्येक पिढीनं नव्यानं करून घ्यायची असते, आणि मधली एक पिढी विसरली की पुढचीला आपण काही विसरलो आहोत याचाही पत्ता लागत नाही.

म्हणून मी भावासाठी एक कागद लिहायला घेतला आहे, परवान्याबरोबर त्याच पाकिटात ठेवायला. नळ्यांच्या बुडाशी असलेले छाप जसेच्या तसे उतरवले आहेत, खोली जाणत्याकडून मोजून घेतली आहे, दोन्ही तोंडांची मापं टाकली आहेत. कुठलं काडतूस कुठल्या नळीत चालतं, कुठलं कशातच चालत नाही, तेही लिहिलं आहे. दाणा दाण्यावर चढून बसलेला कसा दिसतो आणि तो बघितल्यावर मनाला काय होतं, हे लिहायला गेलो आणि थांबलो. ते बहुधा कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच शिकायचं असतं. त्याची मुलगी आता विचारू लागली आहे की बंदुकीच्या आत काय असतं. तिला काय आणि किती सांगायचं, यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.